आण्णांची वही आधी परत द्या

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. माझे सासरे, आण्णा, ७६ वर्षांचे आहेत. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांचं विसरणं वाढलंय. नावं चुकतात, पाहुणे काल आले की परवा ते सांगता येत नाही. त्यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याची एक लांबडी वही असायची. दूध, गोळ्या, कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यात. काही विचारलं की आधी वही उघडणार, मग उत्तर देणार. लिहिताना स्वतःशीच मोठ्यांदा बोलायचे. सोबत एका पानाचा फोटो पाठवतेय.

मिस्टरांचं म्हणणं, या वहीनंच त्यांचं डोकं गंजलं. डोक्याला ताण दिला तरच ते चालतं. म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी वही कपाटात कुलूपबंद केली आणि आण्णांना स्मार्टफोन घेऊन दिला. त्यात गोळ्यांचे गजर लावले. तेव्हापासून आण्णा गप्प झालेत. कट्ट्यावर जायचे बंद झालेत. बीपीची गोळी दोन वेळा डबल घेतली गेली. मिस्टर म्हणतात, होईल सवय. सातवीतला मुलगा कॅल्क्युलेटर घेऊन बसला की त्यालाही हेच ऐकवतात. मला उलट बोलता येत नाही, कारण त्यांचं म्हणणं वरवर तरी बरोबर वाटतं. वही म्हणजे शेवटी कुबडीच ना?

– एक सून, गावभाग

उत्तर :

नमस्कार. आज संध्याकाळी कुलूप काढा आणि वही आण्णांच्या हातात द्या. गोळी दोनदा डबल गेली हे डॉक्टरांच्या कानावर घाला. उद्यापासून ‘घेतली की नाही’ असा संशय आला तर दुसरी गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा. ही दोन कामं झाली की मग बाकीचं सावकाश वाचा, आणि जमलं तर मिस्टरांनाही वाचायला द्या.

तुम्ही पाठवलेला फोटो मी बराच वेळ बघत बसले. वर ‘श्री’, खाली तारीख, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे गेलेलं. जमेला ‘दूध १॥’. दीड लिटर असं आज कुणी लिहीत नाही, पण दोन उभ्या दंडांचा अर्धा आण्णांच्या हातात अजून जिवंत आहे. त्याखाली ‘धाकटी आली, पेढे’. नावेला वीजबिल, आणि त्याखाली ‘छत्री, शेजारी’. म्हणजे छत्री गेलीय, ती येणं आहे, विसरायचं नाही. मग गोळ्या. डावीकडे ‘पांढऱ्या, मागील शिल्लक १२’, उजवीकडे ‘सकाळी १’, तळाला ‘शिल्लक ११’.

मिस्टरांना या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवा. आण्णांना सकाळची गोळी घेतल्याचं आठवत नसेलही, पण त्यांना ते आठवायची गरज नव्हती. संशय आला की पाकीट काढायचं, गोळ्या मोजायच्या, वहीतल्या शिलकेशी ताळा करायचा. अकरा भरल्या तर घेतलीय, बारा भरल्या तर राहिलीय. रोख आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळल्याशिवाय दुकान बंद न करणाऱ्या माणसानं बसवलेली ही रीत आहे. मोबाइलचा गजर फक्त ‘घ्या’ म्हणतो. घेतलीत का, हे तो सांगत नाही. गजर वाजला, आण्णांनी गोळी घेतली, गजर बंद केला आणि दहा मिनिटांनी मन खाऊ लागलं की आपण नुसता गजरच बंद केला की काय. मोजून बघावं, तर ताळा करायला आदल्या दिवसाची शिल्लक कुठं लिहिलेली नाही. मग घेतली दुसरी. माझ्या मते त्या दोन डबल गोळ्या आण्णांच्या विसरण्यातून आल्या त्याहून जास्त त्या कुलपातून आल्या.

आता कुबडीचा प्रश्न. १९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी ‘ॲनालिसिस’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. त्यातला काल्पनिक माणूस तुमच्या आण्णांचा भाऊ शोभावा असा आहे. त्याचं नाव ओटो. त्याला अल्झायमर झालाय आणि तो सगळं एका वहीत लिहून ठेवतो. दुसरी आहे इंगा, तिची स्मरणशक्ती ठणठणीत. दोघांच्याही कानावर येतं की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन लागलंय. इंगा क्षणभर आठवते, संग्रहालय ५३ व्या रस्त्यावर आहे, आणि निघते. ओटो वही उघडतो, ५३ वा रस्ता वाचतो, आणि निघतो. क्लार्क आणि चाल्मर्स यांचा प्रश्न असा की यात फरक नेमका कुठं पडला? इंगाला पत्ता ‘माहीत होता’ आणि ओटोला नव्हता, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? तिची नोंद कवटीच्या आत होती आणि त्याची खिशात, एवढ्याच जोरावर. त्यांच्या मते वहीचं काम इंगाच्या स्मृतीसारखंच चालत असेल, तर ती ओटोच्या मनाचाच भाग धरायला हवी. मन मेंदूत सुरू होतं, पण कवटीपाशी संपलंच पाहिजे असा काही नियम नाही.

सगळ्या तत्त्वज्ञांनी हे मान्य केलेलं नाही. फ्रेड ॲडम्स आणि केन आयझावा यांच्यासारख्यांचं म्हणणं, वही मनाला मदत करते म्हणून ती मन होत नाही. वाद अजून चालू आहे. मिस्टरांना या पक्षात बसायचं असेल तर जरूर बसू द्या, पण त्या पक्षातलं कुणीही ओटोची वही काढून घ्या असं म्हणत नाही.

आणि गावभागात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नकोच खरं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याआधी तुमच्याकडे एकच चौकशी असते, ‘आयर्विनला किती?’, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे गल्लीतलं पोरगंही सांगेल. पुलावरच्या त्या पट्टीवरून तुम्ही ठरवता गाद्या-धान्य माडीवर कधी न्यायचं, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय त्याचा त्यात हिशेब मिसळता, २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ती खूण भिंतीवर बघता. ही सगळी आकडेमोड एकाच्या कुणाच्या डोक्यात नाही. ती पट्टीत आहे, भिंतीत आहे, चार शेजाऱ्यांत आहे. पट्टी पुसून टाका म्हणजे सांगलीकरांना नदी ओळखायची सवय लागेल, असं म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? तेच मिस्टरांना म्हणा, जरा सौम्य शब्दांत.

पण कुठलाही कागद आणि कुठलंही यंत्र मनाचा भाग होतं असं नाही, आणि मोबाइल का फसला ते इथं कळतं. क्लार्क आणि चाल्मर्स यांनी वहीसाठी काही अटी घातल्या होत्या. ती कायम माणसाजवळ हवी, सहज उघडता यायला हवी, त्यातलं वाचलं की ते खरं की खोटं असा घोळ न घालता त्याचा त्यावर विश्वास बसायला हवा, आणि ती नोंद त्यानं स्वतः कधीतरी समजून-उमजून केलेली असावी. लाल वही चारही अटींत बसते. अक्षर आण्णांचं, मांडणी आयुष्यभर डोळ्यांत मुरलेली. कुठं बघायचं हे त्यांना आठवावं लागत नाही, नजर आपसूक डावीकडे जाते. मोबाइल मात्र तुमच्या यजमानांनी भरला. कुलूप उघडायला बोट लागतं, पडदा काळा होतो, आत काय आहे ते आण्णांनी लिहिलेलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते खिशात ठेवलेलं दुसऱ्या कुणाचं तरी डोकं आहे, आणि ते वेळी-अवेळी त्यांच्यावर ओरडतं. कट्ट्यावर जाणं का थांबलं असेल ते यावरून ओळखा. तिथं कुणी ‘काय आण्णा, धाकटी येऊन गेली म्हणे’ असं विचारलं तर आधी ते वहीत बघून बोलू शकत होते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, मला मात्र ते सगळ्यांत मोठं वाटलं. ‘सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांचं विसरणं वाढलंय.’ जुन्या संसारांत आठवणींची वाटणी झालेली असते. पैसा, पावत्या, जमिनीचे उतारे त्याच्याकडे. कुणाचं लग्न कुणाशी, कुणाला कितवं मूल, कुणाच्या घरी काय बोलायचं नाही, हे तिच्याकडे. त्याला नाव आठवलं नाही की तो नुसता तिच्याकडे बघतो आणि ती सांगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ च्या सुमारास या भागीदारीतल्या स्मृतीवर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की एकमेकांबरोबर वर्षानुवर्षं राहणारी माणसं मिळून एक स्मृती चालवतात, आणि कुठली गोष्ट कुणाजवळ आहे एवढंच प्रत्येकाला पक्कं माहीत असतं. असा जोडीदार गेला की मागं राहिलेल्याचंही निम्मं जातं. बाहेरच्यांना वाटतं, म्हातारा एकदम विसरायला लागला. कदाचित ती नावं त्यांच्याकडे कधी नव्हतीच. ती आईंकडे, म्हणजे तुमच्या सासूबाईंकडे होती. आण्णांनी वही सुरू केली ती आई जाण्याच्या आधी की नंतर, हे जरा विचारा. नंतर असेल तर वहीवर रागावण्याआधी आपण कशावर रागावतोय ते मिस्टरांच्या ध्यानात येईल.

मोठ्यांदा बोलण्याचं तर मुळीच मनावर घेऊ नका. लेव्ह व्हिगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ होते, १९३४ मध्ये ऐन तारुण्यात गेले. लहान मूल खेळताना ‘आता हे इथं ठेवू, मग ते’ असं स्वतःशी बडबडतं, ती बडबड पुढं आत जाते आणि त्याच्या विचाराचं हत्यार होते, असं त्यांनी मांडलं. मोठेपणीही काम अवघड झालं की ती बाहेर येते. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच फोन आला तर तुम्हीही ‘तीन झाल्या, तीन’ पुटपुटत असाल. आण्णा ‘शिल्लक अकरा’ म्हणतात तेव्हा ते हातानं लिहिलेलं कानांनीही पक्कं करतात. हिशेबाच्या पेढीवर एक जण वाचतो, दुसरा टिपतो, त्यातलाच हा प्रकार. इथं दोन्ही कामं एकाच माणसावर आलीत एवढंच.

शब्दांची ताकद किती असते याचा एक नमुना सांगते, कारण मिस्टरांना ‘नुसत्या मेंदूचा’ अभिमान फार दिसतोय. ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात पिराहा नावाचे लोक आहेत. त्यांच्या भाषेत नेमके आकडे सांगणारे शब्द नाहीत, नेमक्या ‘एक’लासुद्धा नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यासमोर दोऱ्याची रिळं मांडली आणि तेवढेच फुगे मांडायला सांगितले. रिळं समोर ओळीत दिसत असताना, एकास एक लावून, ते जवळजवळ बिनचूक मांडायचे. रिळं झाकली की मोठ्या संख्यांना अंदाज ढळायचा. मेंदू तुमच्या-आमच्यासारखाच, फक्त समोरून नाहीशी झालेली मोजणी धरून ठेवायला शब्द हाताशी नव्हता. आता आण्णांच्या पिढीकडे काय काय हाताशी होतं बघा. नुसते पाढे नाहीत; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनपटीची औटकी. सात पोत्यांना साडेतीनच्या दरानं काही आलं की तोंडातून साडेचोवीस निघायचं, गुणाकार करावाच लागायचा नाही. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब करताना हमाली-तोलाई वजा जाता किती, हे आण्णा तोंडी सांगत असतील तर ते ‘निव्वळ डोक्यानं’ नव्हतं. कुणा गुरुजींनी ठेक्यात घोटून दिलेलं अवजार त्यांच्या जिभेवर होतं.

मिस्टरांच्या बाजूनंही एक पुरावा ठेवते, नाहीतर ते म्हणतील बायका एका बाजूच्या झाल्या. २०११ मध्ये ‘सायन्स’ मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि हेच वर आलेले वेग्नर यांचा अभ्यास आला. माहिती संगणकात जपून राहणार आहे असं ज्यांना वाटलं, त्यांच्या लक्षात ती माहिती कमी राहिली. ती कुठं ठेवलीय ते मात्र चांगलं राहिलं. त्यातल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष पुढं इतरांनी पडताळला तेव्हा पुन्हा मिळाला नाही, तरी मूळ मुद्दा आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. फोन नंबर आता कुणाला पाठ आहेत? तेव्हा बाहेर ठेवलेलं आत कमी उरतं, हे खरं. पण त्यावरून काय करायचं ते माणूस बघून ठरवावं लागतं.

नातू सातवीत आहे. त्याचं डोकं अजून बांधणीत आहे, तिथं त्याचे बाबा बरोबर आहेत. गुणाकार काय असतो हे हातानं कळायच्या आत कॅल्क्युलेटर आला तर उत्तर चुकलं तरी त्याला ते टोचणार नाही. अबॅकसच्या क्लासची पोरं बघा: वर्षभर मणी हलवलेले असतात, मग समोर पाटी नसली तरी हवेत बोटं हलवून बेरजा करतात. अवजार बाहेरून आत गेलेलं असतं. शाळकरी वयात हे असं आत जाऊ शकतं म्हणून वेळ द्यायचा, रोखून धरायचं. आण्णांचं उलट आहे. त्यांनी जे आत होतं ते आयुष्यभर वापरलं आणि ते गळायला लागलं तसं कागदावर उतरवून सांभाळलं. त्यांना पाठांतराची शिक्षा देऊन काय उगवणार? वाटलंच तर रोज रात्री नातवाला त्यांच्याकडे बसवा, दिडकी शिकायला. ‘गेल्या मंगळवारी कोण आलं होतं?’ अशा परीक्षा मात्र घेऊ नका. घरातल्यांनी घेतलेल्या अशा परीक्षांनी माणूस आक्रसतो, तुमच्याकडे ते सुरूच झालंय.

आता करायचं काय. वहीची मांडणी अजिबात बदलू नका, तुम्हाला कितीही सोयीची दुसरी सुचली तरी. आई जे सांभाळायच्या त्यासाठी मात्र दुसरी एक वही करा, आणि तिला आण्णांच्या भाषेत खतावणी म्हणा. एका माणसाला एक पान. वर नाव आणि फोटो, खाली नातं, मुलंबाळं, गाव, शेवटचं कधी भेटलं. तुम्ही सांगा, ते लिहितील. अक्षर त्यांचंच हवं. पाहुणे यायच्या आधी चहा ठेवता ठेवता ‘आण्णा, यांचं पान काढून ठेवा’ एवढं म्हटलं की पुरे.

वहीत परस्पर खाडाखोड करू नका. चूक दिसली तर त्यांना दाखवा आणि त्यांच्याच हातानं दुरुस्त करून घ्या. एकदा का त्यांना वाटलं की आपल्या मागं कुणी यात लिहितं, तर त्या वहीवरचा विश्वास गेला, आणि ओटोच्या हिशेबानं तेवढं मन गेलं. न विचारता वाचणंही टाळा. मला फोटो पाठवताना तुम्ही त्यांना विचारलं होतं का? नसेल तर सांगून टाका.

मोबाइल फेकायची गरज नाही. गजर एकच ठेवा आणि तो वाजला की ‘वही उघडा’ एवढंच त्यावर येऊ दे. गोळी वही बघून घ्यायची. मिस्टरांना रविवारचं काम द्या, आण्णांना विचारून आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ठेवायचं. गावभागात कागदाचा भरवसा किती हे तुम्ही महापुरांत बघितलंय. नवी वही आणाल तेव्हा त्याच दुकानातून, त्याच मापाची, लाल पुठ्ठ्याचीच. आणि ‘मागील वहीवरून’ म्हणून शेवटच्या शिलका त्यांना स्वतः उतरवू द्या, त्याला दुपारभर लागली तरी.

शेवटचं काम लगेच करायचं आहे. वहीनं सांभाळून घेतलं म्हणून विसरण्याचं कारण शोधायचं थांबवू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा दुसऱ्या गोळ्यांचा परिणाम, बायको गेल्यानंतर न बोलता साचलेली उदासी, यांपैकी कशानंही विसरणं वाढतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. सांगली-मिरजेला डॉक्टरांची वानवा नाही. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि जाताना आण्णांच्या संमतीनं वह्या बरोबर न्या, हल्लीची आणि दोन वर्षांपूर्वीचीही सापडली तर. अक्षर कधी हललं, शिल्लक पहिल्यांदा कधी चुकली, एकच नोंद दोनदा कधीपासून यायला लागली, हे तारखेवार त्यांत असेल. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि त्याचं उत्तर मिस्टरांपेक्षा आण्णाच नीट देतील.